‘साठीनंतर लाइट घेतली की हार्ट गेलं’ : त्या मेसेजचा मुद्देसूद प्रतिवाद

सिडको, इंदिरानगर, पंचवटीतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपांवर आणि निफाड-दिंडोरीकडच्या गावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर साठीच्या पुढच्या बाईने छातीला लाइट, म्हणजे रेडिएशन, घेऊ नये. डाव्या बाजूला घेतली तर हृदय भाजतं आणि वर्षभरात अटॅक येतो. परदेशी संशोधनानुसार प्रत्येक शेकामागे, म्हणजे रेडिएशनच्या प्रत्येक बैठकीमागे, धोका 7.4 टक्क्यांनी वाढतो, म्हणजे पंचवीस शेकांत 185 टक्के. अमेरिकेत सत्तरीनंतर लाइट देतच नाहीत, आपल्याकडे मशीनचे हप्ते फेडायला देतात. अँजिओप्लास्टी झालेल्या बाईने तर त्या खोलीची पायरीही चढू नये. उपाय काय, तर अर्जुनाच्या सालीचा काढा.

मी नाशिकमध्येच रेडिएशन विभागात फिजिसिस्ट आहे. किरण कोणत्या कोनातून, किती आणि कुठपर्यंत जाणार याचं प्लॅनिंग हे माझं रोजचं काम. त्यामुळे आधीच सांगून टाकते: हृदयाला धोका असतो ही गोष्ट खरी आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ती कुठून तरी उचलली आणि मग तिचं जे केलं ते पाहू.

‘प्रत्येक शेकामागे 7.4 टक्के’

हा आकडा 2013 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या अभ्यासातला आहे. 1958 ते 2001 या काळात रेडिएशन घेतलेल्या 2168 बायकांची माहिती त्यात तपासली होती. निष्कर्ष असा की हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसमध्ये एक ग्रे वाढ झाली की हार्ट अटॅकसारख्या मोठ्या घटनेचं प्रमाण 7.4 टक्क्यांनी वाढतं. ग्रे हे डोसचं माप. त्याचा शेकांच्या संख्येशी थेट संबंध नाही. स्तनाला पंधरा शेकांत मिळून 40 ग्रे दिले जातात, तेव्हा त्यातले हृदयाच्या वाट्याला सरासरी किती येतात, तो आकडा इथे लागतो. तो दोनही असू शकतो, पाचही. पंचवीसला 7.4 ने गुणणाऱ्याने ग्रेऐवजी शेक मोजले आणि उत्तर व्हॉट्सअॅपवर टाकलं.

दुसरी गफलत टक्क्यांची. पाच हजारांच्या पेन्शनवर सात टक्के वाढ आणि पन्नास हजारांच्या पेन्शनवर सात टक्के वाढ, हातात पडणारे पैसे सारखे नसतात. त्याच अभ्यासातलं उदाहरण घ्या: पन्नास वर्षांची बाई, हृदयाचा काही त्रास नाही, हृदयाला सरासरी 3 ग्रे डोस मिळाला. ऐंशीच्या आत हृदयविकाराने मृत्यू येण्याची तिची शक्यता 1.9 टक्क्यांवरून 2.4 टक्क्यांवर जाते. हजार बायकांमागे पाच जणी जास्त. हे शून्य नाही, आणि त्या पाचांत आपली आई असेल तर अजिबातच शून्य नाही. पण 185 टक्क्यांशी याचा काडीचाही संबंध नाही.

‘डाव्या बाजूला घेतली की हृदय भाजतं, वर्षात अटॅक’

किरणांनी हृदय भाजत नाही. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि चरबी साचून वाहिनी अरुंद होण्याची जी प्रक्रिया वयाप्रमाणे चालूच असते, तिला वेग येतो. वरच्या अभ्यासात वाढलेला धोका पहिल्या पाच वर्षांतच दिसू लागला आणि वीस वर्षांनंतरही टिकून होता. डाव्या बाजूला तो जास्त असतो, कारण डाव्या कप्प्याच्या पुढून उतरणारी महत्त्वाची रक्तवाहिनी छातीच्या भिंतीला जवळजवळ चिकटून असते. उजव्या बाजूच्या बाईने निर्धास्त व्हावं असंही नाही. तिच्याही हृदयाला थोडा डोस जातो.

त्या अभ्यासातल्या बऱ्याच बायकांवर उपचार झाले तेव्हा प्लॅनिंगला सीटी स्कॅन नव्हता. हृदय नेमकं कुठे आहे हे एक्स-रेवर अंदाजाने ठरायचं. आज आम्ही सीटीच्या प्रत्येक कापावर हृदयाची कड आखतो आणि किरणांची रेघ तिला कुठे स्पर्श करते ते स्क्रीनवर बघतो. डाव्या बाजूच्या पेशंटचे दोन स्कॅन करतो: एक नेहमीच्या श्वासात, एक खोल श्वास धरून. दुसऱ्यात फुफ्फुस फुगून मध्ये येतं, हृदय खाली आणि मागे सरकतं, आणि पहिल्या स्कॅनमध्ये किरणांच्या वाटेत आलेली हृदयाची कड बहुतेक वेळा बाहेर पडलेली दिसते. डोस साधारण निम्म्यावर येतो, कित्येकदा एक-दोन ग्रेपर्यंत.

आजीबाईंना हे जमत नाही, असं घरचे लोक परस्पर ठरवून टाकतात. माझा अनुभव उलटा आहे. मशीनच्या खोलीत स्पीकरवरून टेक्निशियन सांगतो, “आजी, मोठा श्वास घ्या... धरा... सोडा.” वीसेक सेकंदांचा मामला. आयुष्यभर द्राक्षबागेत राबलेल्या बायका हे कॉलेज रोडवरच्या पन्नाशीतल्या मॅडमपेक्षा बरं करतात. मॅडम मध्येच खोकतात. सराव एक-दोन दिवस आधी करून घेतला जातो. दमा असेल, श्वास धरवत नसेल, तर पालथं झोपवून किंवा किरणांच्या वाटेत धातूच्या पट्ट्या आणून हृदय झाकून घेता येतं. काखेतल्या लसिका गाठींबरोबर (लिम्फ नोड) छातीच्या मधल्या हाडाशेजारच्या लसिका गाठींनाही किरण द्यावे लागणार असतील, तर मात्र हृदयाचा डोस वाढतो, आणि तिथे डॉक्टर आणि आम्ही खरोखर वाद घालत बसतो.

साठीच्या पुढच्याच बायकांबद्दल विचारायचं तर 2005 साली अमेरिकेतल्या 16 हजारांहून जास्त वयस्क पेशंटची नोंद तपासली गेली. त्यांना 1986 ते 1993 मध्ये रेडिएशन मिळालं होतं. पुढच्या पंधरा वर्षांपर्यंत डाव्या आणि उजव्या बाजूच्या बायकांमध्ये हृदयविकाराच्या प्रमाणात लक्षणीय फरक सापडला नाही.

सगळं खापर रेडिएशनवर फोडण्यातही अर्थ नाही. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन आणि ट्रास्टुझुमॅब ही कॅन्सरवरची औषधंही हृदयाच्या स्नायूवर ताण आणू शकतात. त्यासाठीच इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतात.

‘अमेरिकेत सत्तरीनंतर देतच नाहीत’

या मुद्द्यामागे खरे अभ्यास आहेत, म्हणून जरा थांबू. अमेरिकेत सत्तर आणि त्यापुढच्या 636 बायकांवर चाचणी झाली: छोटी गाठ, स्तन ठेवून फक्त गाठ काढलेली, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणारा कॅन्सर), तो हार्मोन अडवणारी टॅमॉक्सिफेनची गोळी चालू. निम्म्यांना रेडिएशन, निम्म्यांना नाही. दहा वर्षांनी त्या स्तनात किंवा जवळच्या लसिका गाठींत कॅन्सर परत आला तो रेडिएशन घेतलेल्यांपैकी 2 टक्क्यांमध्ये, न घेतलेल्यांपैकी 10 टक्क्यांमध्ये. आयुर्मानात फरक पडला नाही. सगळ्या 636 मिळून स्तनाच्या कॅन्सरने गेल्या त्या फक्त 21. ब्रिटनमधून चालवलेल्या, 65 आणि त्यापुढच्या 1326 बायकांच्या चाचणीचे दहा वर्षांचे निकाल 2023 मध्ये आले: त्याच स्तनात कॅन्सर परत आला तो न घेतलेल्यांत 9.5 टक्के, घेतलेल्यांत 0.9 टक्के. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण 81 टक्के.

म्हणजे अशा बाईने रेडिएशन टाळायचं ठरवलं तर तो शहाणपणाचा निर्णय असू शकतो, आणि डॉक्टरांनी तो पर्याय तिच्यापुढे ठेवायलाच हवा. इथे कोणी ठेवत नसेल तर ती आमच्या बाजूची चूक. पण टाळण्याचं कारण हृदय नाही. कॅन्सर परत येण्याचा धोका मुळातच कमी असतो, हे आहे. शिवाय अट आहे पाच वर्षं रोज गोळी घेण्याची. गुडघे दुखतात म्हणून आठव्या महिन्यात गोळी सोडली आणि रेडिएशनही घेतलं नाही, तर या चाचण्यांचा आधार उरत नाही. आपल्याकडे कित्येक जणी गाठ मोठी झाल्यावर, काखेत पसरल्यावर येतात. त्यांना या निकालांची सावलीही लागू होत नाही. फक्त गाठ काढलेल्या सर्व वयांच्या बायकांचे एकत्रित आकडे 2011 मध्ये आले, त्यांत रेडिएशनमुळे पंधरा वर्षांतले कॅन्सरचे मृत्यू 25.2 टक्क्यांवरून 21.4 टक्क्यांवर आले होते.

मशीनच्या हप्त्यांबद्दल एवढंच: पूर्वी पाच-सहा आठवडे चालणारा कोर्स आता बहुतेक ठिकाणी तीन आठवड्यांत संपतो, आणि निवडक पेशंटना पाच दिवसांतही. हप्ते फेडायचे असते तर शेक वाढवले असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही रेडिएशन आहे.

‘अँजिओप्लास्टी झालेल्यांनी नाहीच’

आधीच हृदयविकार असेल तर धोक्याची वाढ मोठी असते, हे मान्य. म्हणूनच स्टेंट, बायपास, पेसमेकर, बीपी, शुगर हे सगळं प्लॅनिंगच्या आधी सांगा. सांगितलं की प्लॅन बदलतो. पेसमेकर असेल तर त्याला जाणारा डोस मोजतो आणि पेसमेकर तपासून घेतो. दरवाजा बंद होत नाही.

एक गोष्ट मात्र बायका सांगत नाहीत, विचारावी लागते: मिश्री. 2017 च्या एका मोठ्या अंदाजानुसार आधुनिक रेडिएशनमुळे हृदयविकाराने होणाऱ्या जादा मृत्यूंचं प्रमाण धूम्रपान न करणाऱ्यांत 0.3 टक्के, तर करत राहणाऱ्यांत सुमारे 1 टक्का येतं. आमच्या आजी सिगारेट ओढत नाहीत, पण भाजलेला तंबाखू रोज सकाळी हिरड्यांना चोळतात. तोही तंबाखूच. हृदयाची काळजी असेल तर पहिली ती डबी घराबाहेर जाऊ द्या.

अर्जुनाचा काढा

किरणांपासून हृदय वाचवतो असा माणसांवरच्या चाचण्यांतला पुरावा नाही. घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण बीपीच्या गोळ्या चालूच असतात आणि काढ्याचा त्यांवर परिणाम होऊ शकतो.

मेसेज वाचून कोणी कोर्स अर्ध्यावर सोडला असेल, तर आज विभागात फोन करा. प्लॅन आमच्याकडे जपून ठेवलेला असतो. पडलेल्या खंडाचा हिशेब करून डोस जुळवता येतो, पण खंड जितका लांबेल तितकं ते अवघड होतं. येताना विचारा: “माझ्या हृदयाला सरासरी किती ग्रे जाणार?” हा आकडा प्रत्येक प्लॅनमध्ये छापलेला असतो. आणि कोर्स चालू असताना किंवा नंतर कधीही छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ असं झालं, तर ‘लाइटमुळे असेल’ म्हणून घरी बसू नका. तेव्हा आधी ईसीजी.