भेंडवळची ढेकळं आणि ऑरेंज अलर्ट

आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या आठवड्यात पुन्हा तेच. हवामान खात्यानं वर्धा जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट दिला, आर्वी तालुक्यातल्या आमच्या शिवारात धूळही बसली नाही, आणि झाली सुरुवात: "कायचा अलर्ट रे बावा! याहून भेंडवळची घटमांडणी बरी."

बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या गावची घटमांडणी मी पाहिली आहे. अक्षय्य तृतीयेला शेतात घट आखतात, मधल्या खड्ड्यात चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, भोवती अठरा धान्यं. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठलं ढेकूळ किती भिजलं यावरून चार महिन्यांचा पाऊस सांगतात. बघायला सुंदर. पण ढेकळाला कुणी तारीख विचारत नाही, जिल्हाही विचारत नाही. "कुठं कमी, कुठं जास्त" हे कोणत्या वर्षी खोटं ठरलंय? खातं मात्र तारीख आणि जिल्हा सांगून बसतं, म्हणून सापडतं.

ऑरेंज म्हणजे तयार राहा, एवढंच. आर्वी कोरडी राहिली आणि हिंगणघाटला २४ तासांत ११६ मिलिमीटर पडला, तरी जिल्ह्याचा अंदाज बरोबरच. असं ग्रुपवर लिहिलं, तर चुलतभावाचं उत्तर आलं: "तू तिकडून नोको शिकवू."

बरं, नाही शिकवत. पण इकडे जर्मनीत, कोलोनमध्ये, सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी अकरा वाजता आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी म्हणून अख्ख्या ऑफिसचे फोन एकदम केकाटतात. मीटिंग थांबते, लोक हसतात, फोन बंद करतात. नंतर "काल कुठं आला पूर?" असं म्हणून कुणी चिडवत नाही. हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतो आणि पुढचं गिळतो. जुलै २०२१मध्ये आर नदीला पूर आला तेव्हा इशारे आधीच निघाले होते, तरी जर्मनीत १८०हून जास्त माणसं गेली. त्या रात्री आमच्या केलरमध्येही, म्हणजे तळघरात, पाणी शिरलं. फोन केकाटायला लागले ते त्यानंतर, डिसेंबर २०२२पासून. आपल्या नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडला ३० जुलै १९९१ला वर्धा नदीनं दोनशेहून जास्त माणसं नेली, तेव्हा केकाटायला कुणाकडे फोनच नव्हता.

भांडायचंच तर पर्जन्यमापकावरून भांडा ना. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर झाला की अतिवृष्टी. यंत्र दहा किलोमीटरवर, ढग फुटला आपल्या वावरात, यंत्रात चाळीस. मग पंचनाम्यासाठी कुणाकुणाच्या पाया पडायचं? आणि मिळणार काय, तर केंद्राच्या २०२२-२६च्या निकषानं कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंत. यावर ग्रुपवर एक ओळ नाही. खात्यावरचे विनोद मात्र दिवसभर.

आता एक गोष्ट, जी ग्रुपवर मी कधी लिहिली नाही. आमचं चार एकर वावर तोच चुलतभाऊ वाहतो. दोन वर्षांमागे जूनमध्ये मी इथल्या ॲपवर गावाचं नाव टाकलं, तर पाच दिवस ओळीनं निळे थेंब. तिकडे कृषी खातं ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका म्हणून सांगत होतं. मी फोन केला, "भाऊ, टाकून दे सोयाबीन." तोही मानला. एक सर आली, पुढं बारा दिवस ऊन. अंकुर जमिनीतच करपले, पेरणी वाया गेली, दुबार पेरणी झाली.

बियाण्याच्या बॅगांचे पैसे मी त्याच रात्री पाठवले. सकाळी ते परत आले, खाली एक ओळ: "ॲप तुवं होतं, पेरलं तं म्या." ग्रुपवर त्यानं हे आजवर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं कधीकधी वाटतं. मग मीही दोन शब्द सुनावले असते.

आज सकाळी ट्रामच्या स्टॉपवर नागपूरच्या रडारचं चित्र उघडून उभा होतो. आर्वीच्या बाजूला हिरवा ठिपका सरकत होता. त्याला कळवावं म्हणून लिहायला घेतलं, पुसलं, आणि नुसतं विचारलं, "पाणी येऊन राह्यलं का?"