जुनी डिस्क, नवा डबा आणि चतुर्थी

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचून मग भांडायला नको, इथेच भांडा. नवीन कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला लावून गेम खेळायच्या डब्यावर, जुने गेम चालायलाच पाहिजेत. हे मत मी शांतपणे विचार करून वगैरे बनवलेलं नाही, चतुर्थीच्या दिवसांत बनवलंय, जेव्हा घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, बाथरूमसमोर लाईन असते, पडवीत कुणाचा तरी ओला टॉवेल आपल्या डोक्यावर गळत असतो आणि मोबाईलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं तरच येते. अशा वेळी बनलेलं मत सहसा खरं असतं.

तर झालं असं की यंदा भाचा डोंबिवलीहून येताना नवा कोरा कन्सोल घेऊन आला. गणपतीच्या ट्रेनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, लोक कणकवलीपर्यंत संडासाच्या दाराला टेकून येतात, आणि हा पोरगा तो डबा मांडीवर घेऊन रात्रभर जागा. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, घरचं भांडण घरात. कपडे दोनच आणलेले, आरतीला माझा शर्ट घालून उभा होता.

आता आमचा आतेभाऊ बोरिवलीहून आलेला, आणि त्याचं-माझं वैर जुनं. विषय एकच, ईए स्पोर्ट्सचं क्रिकेट 07. 2006 च्या नोव्हेंबरात आलेला गेम, ॲशेसच्या तोंडावर, कव्हरवर फ्लिंटॉफ, कॉमेंट्रीला रिची बेनॉ आणि मार्क निकोलस. त्याच्यानंतर ईएने कन्सोलसाठी क्रिकेटचा गेमच काढला नाही, म्हणजे आमचा हिशोब तिथेच अडकून पडलाय. आतेभाऊ दरवर्षी सांगतो की मी ऑफ साईडला एकच शॉट मारून सेंच्युऱ्या काढतो म्हणून, आणि मी दरवर्षी सांगतो की मग फिल्डर लाव ना तिकडे. तेव्हा भाच्याचा डबा टीव्हीला लागलेला बघितल्यावर आतेभाऊ उठला, कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला, त्यातून डिस्क काढली, लुंगीला पुसली आणि भाच्यासमोर धरली.

भाच्याने ती उलटी करून बघितली, सुलटी करून बघितली. मग म्हणाला, "मामा, हे घालायचं कुठे?"

आम्ही बघितलं तर खरंच घालायला जागाच नाही! पुढून नाही, बाजूने नाही. आतेभावाने खालून टॉर्च मारून बघितला. "डिजिटल एडिशन आहे," भाचा म्हणाला, "डिस्कवाला मॉडेल महाग पडतो." म्हणजे भोकाचे पैसे वेगळे. आणि वर हसून हेही सांगितलं की भोकवाला आणला असता तरी ही डिस्क त्यात चालली नसतीच, ही फार जुनी आहे.

आई तिथेच विळीवर नारळ खवत बसलेली. तिने एवढंच विचारलं, "मिक्सर हाडलो तेव्हा नारळ बदललो काय रे आपण?" आम्ही म्हटलं नाय. "मगे ह्या डब्याक काय धाड भरली?"

ह्याच्यावर कुठल्याही कंपनीकडे उत्तर नाहीये, मी सांगतो.

भाच्याकडे मात्र होतं, कारण तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्या वयात सगळ्याची उत्तरं असतात. तो म्हणे प्रत्येक पिढीचा प्रोसेसर वेगळा, जुन्या गेमला जुन्या चिपची भाषा कळते, नव्या चिपला ती येत नाही, मग मध्ये एक दुभाष्या प्रोग्रॅम बसवायचा ज्याला एम्युलेटर म्हणतात, तो प्रत्येक सूचना ऐकून बदलून सांगणार, त्याला ताकद जास्त लागते वगैरे. बरं. मी म्हटलं मला इतिहास येतो, तू टेक्निकल सांग, मी इतिहास सांगतो.

सोनीचा प्लेस्टेशन 2 आला 2000 साली आणि त्यात पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क पहिल्या दिवसापासून चालायच्या. सगळी भिस्त दुभाष्यावर नव्हती, जुन्या मशीनचा प्रोसेसरच आत ठेवला होता. एरवी तो कंट्रोलर, मेमरी कार्ड असली वरकामं करायचा आणि जुनी डिस्क घातली की गादीवर तोच बसायचा. किती साधं. मग 2006 ला प्लेस्टेशन 3 आला, त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्येसुद्धा प्लेस्टेशन 2 च्या चिप घातलेल्या होत्या. पण मशीन महाग झालं, लोक बोंबलायला लागले, मग कंपनीने आधी एक चिप काढली, मग दुसरीही काढली, आणि 2007 मध्ये 40 जीबीचं मॉडेल आलं त्यात प्लेस्टेशन 2 च्या डिस्क बंद. गंमत बघा, त्याच्याही आधीच्या, पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालू. आजोबा चालतील, बाप नको!

"आणि प्लेस्टेशन 4?" भाच्याने विचारलं, कारण इथे त्याची बाजू भक्कम होती आणि ते त्याला माहीत होतं. प्लेस्टेशन 3 ची मुख्य चिप होती सेल, सोनी, तोशिबा आणि आयबीएम तिघांनी मिळून केलेली, एक मोठा कोअर आणि बाजूला छोट्या मदतनीसांची फौज, भल्याभल्या प्रोग्रॅमरांना तिच्यासाठी गेम लिहिताना घाम फुटायचा. 2013 चा प्लेस्टेशन 4 आतून जवळजवळ साधा पीसी. त्याला सेलची नक्कल जमणं शक्यच नव्हतं. हे मी मान्य करतो. इथे कंपनी खोटं बोलत नव्हती.

पण माझी डिस्क प्लेस्टेशन 2 ची आहे रे! त्या मशीनची नक्कल करणारा पीसीएसएक्स2 नावाचा एम्युलेटर हौशी लोकांनी दोन हजारच्या सुरुवातीपासून फुकटात बनवत आणलाय आणि आज तो बऱ्यापैकी लॅपटॉपवर पळतो. जे काम पोरं फावल्या वेळात करतात ते एवढ्या मोठ्या कंपन्यांना डिस्कसाठी जमत नाही असं मला सांगू नका. मायक्रोसॉफ्टला जमलं की. त्यांचा एक्सबॉक्स वन आला तेव्हा त्यावर आधीच्या एक्सबॉक्स 360 चे गेम चालत नव्हते, दोन्हीच्या चिप वेगळ्या, सगळे म्हणत होते अशक्य, आणि 2015 च्या जूनमध्ये त्यांनी ई3 ह्या गेमच्या मेळ्यात जाहीर करून टाकलं की चालणार. चाललेही. जुनी डिस्क घातली की ती फक्त पुरावा म्हणून वापरायची आणि गेमची जुळवून घेतलेली प्रत नेटवरून उतरवायची, पण मालकाकडून पुन्हा पैसे नाही घ्यायचे. मग 2021 च्या नोव्हेंबरात त्यांनीही शेवटची यादी टाकली आणि हात वर केले, की आता ह्यापुढचे गेम लायसन्स आणि कायद्यात अडकलेत, काही टेक्निकली जमत नाहीत.

लायसन्सचं दुखणं मात्र खरं आहे, आणि ह्याच्यावर लोक बोलत नाहीत. क्रिकेटच्या गेममध्ये टीमची नावं, जर्सीवरच्या जाहिराती, कॉमेंट्री, प्रत्येकाचं वेगळं करारपत्र. करार संपला की गेम विकता येत नाही. म्हणून मला जो गेम पाहिजे तो कुठल्याच ऑनलाईन दुकानात पैसे फेकूनही मिळत नाही, तो आहे फक्त त्या बिस्किटाच्या डब्यात. अशा गेमला वाचवायचा एकच मार्ग, माझ्याकडे असलेली डिस्क चालू द्या. नवीन करार नको, रिमास्टर म्हणजे जुन्याला नवा रंग नको, चकाचक गवत नको, फ्लिंटॉफच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब नकोत.

"पण खेळतं कोण हे?" भाचा म्हणाला. हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. सोनीचे जिम रायन 2017 मध्ये टाइम मासिकाच्या मुलाखतीत साधारण हेच म्हणाले होते, की लोक ही सोय मागतात खूप पण वापरत फार नाहीत, आणि जुने गेम इतके पुरातन दिसतात की कोण खेळेल ते. ओटीवर तेव्हा आतेभाऊ, शेजारचा बाळगोपाळ आणि दोन भावोजी डिस्क कधी चालू होते ह्याची वाट बघत रांगेत बसले होते, त्यांनी जिम रायनबद्दल जे काढलं ते गणपतीच्या दिवसांत लिहिण्यासारखं नाही. त्याच कंपनीने 2020 च्या प्लेस्टेशन 5 वर मात्र प्लेस्टेशन 4 चे जवळजवळ सगळे गेम चालवले आणि जाहिरातीत ते मिरवलं. मग? कोण खेळेल म्हणत होता ना?

बरं, एवढं सगळं बोलून भाचा तरी खेळला का, तर नाही. डबा लावला तर लॉगिन मागतो. लॉगिनला नेट पाहिजे, नेट विहिरीवर. हा कठड्यावर उभा राहून हॉटस्पॉट चालू करतो तर ते घरापर्यंत पोचत नाही, शेवटी टेबल पडवीत आणलं, एक्स्टेंशन बोर्ड ओढला, मी वरून छत्री धरली, आणि लॉगिन झाल्यावर स्क्रीनवर आलं अपडेट डाऊनलोड करा. किती जीबी ते बघून भाच्याचा आवाजच गेला. सगळ्या गावातले चाकरमानी त्याच एका टॉवरवर मोदकांचे व्हिडिओ चढवत होते. तो अपडेट अनंत चतुर्दशीला झाला असता.

मी तेव्हा त्याला, खरं सांगतो, टोमणा मारायचा म्हणूनच, दुकानांचं सांगितलं. निन्टेन्डोने वी यू आणि थ्रीडीएस ह्या आपल्या जुन्या मशीनचं ऑनलाईन दुकान 2023 च्या मार्चमध्ये बंद केलं, एक्सबॉक्स 360 चं 2024 च्या जुलैत बंद झालं, सोनी 2021 मध्ये प्लेस्टेशन 3 चं बंद करायला निघालेली, लोकांनी शिव्या घातल्या तेव्हा एप्रिलमध्ये माघार घेतली. जे फक्त त्या दुकानात होतं ते नव्या माणसाला आता मिळणारच नाही. 2023 मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अमेरिकेपुरता अभ्यास केला, तर 2010 च्या आधी तिथे आलेल्या गेमपैकी 87 टक्के तेव्हा बाजारात नव्याने कुठेच विकत मिळत नव्हते. भाच्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मामा, माझ्या लॅपटॉपवर लावूया की एम्युलेटर." सगळे उठले. लॅपटॉप आला.

लॅपटॉपलाही भोक नाही.

मग राहिला माळा. आमचा जुना प्लेस्टेशन 2 माळ्यावर होता, सुपाऱ्यांच्या पोत्यामागे, चादरीत गुंडाळलेला. कोकणातली हवा कुणाला सांगायला नको, समुद्रावरून जे खारं येतं ते लोखंडाच्या गजाला सोडत नाही, आणि पावसाळ्यात चामड्याच्या चपलेवर गवत तेवढं उगवायचं बाकी असतं. कन्सोल उघडला तर आत पालीची अंडी, पंख्यावर मुंग्यांचं वारूळ आणि लेन्सवर पांढुरकी बुरशी. त्याच्याच बाजूला त्याहून जुना, पिवळ्या कॅसेटवाला व्हिडिओ गेम सापडला, कॅसेटवर 9999999 इन 1 लिहिलेला, ज्यात खरे गेम मोजून थोडे आणि बाकी तेच फिरून फिरून यायचे. आणि त्याची बंदूक! आतेभाऊ सगळं विसरला, त्याला बदकं मारायची होती. आश्चर्य म्हणजे तो गेम चालू झाला, टीव्हीला एक पिवळं भोक शिल्लक होतं त्यात पिन बसली. बदकं उडाली. पण एकही मरेना. सहा फुटांवरून, मग दोन फुटांवरून, मग काचेला बंदूक टेकवून. त्या गेममधला कुत्रा गवतातून वर येऊन हसत राहिला. ती बंदूक गोळी सोडत नाही, चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन दिसतो, आणि बंदुकीतला डोळा तेवढा उजेड बघतो, सगळं जुन्या डबा टीव्हीच्या वेळेवर बांधलेलं. एलईडी टीव्ही चित्र जरा उशिराने दाखवतो, तोवर बंदुकीचा निकाल लागलेला असतो. म्हणजे उद्या कन्सोलवाल्यांना देव सुबुद्धी देईलही, टीव्हीवाल्यांचं काय करायचं?

एवढ्यात भजनी मंडळ आलं आणि सगळं बंद करून टाळ घ्यावे लागले. बुवांनी जाताना बंदूक बघितली, एकदा मारून बघू का म्हणाले, त्यांचंही बदक मेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्लेस्टेशन 2 पिशवीत घालून कुडाळला एका रिपेरीवाल्याकडे नेला. त्याच्या फळीवर अजून तसलेच बरेच ठेवलेले, सगळ्यांवर चिठ्ठ्या, सगळे चाकरमान्यांचे. त्याने नाव-नंबर लिहून घेतला, "गौरी जाऊंदेत, मगे येवा" म्हणाला. गौरी गेल्या. मी, भाचा आणि आतेभाऊ तिघे एसटीने गेलो. दुकानात गर्दी, आणि काउंटरवरच्या जुन्या डबा टीव्हीवर, अहो डबा टीव्ही, फुगीर काचेचा, आमचाच कन्सोल चालू, आमचीच डिस्क. रिपेरीवाला इंग्लंडकडून खेळत होता.

"झाला काय?" मी विचारलं.

"लेन्स पुसलंय, पण गरम झाल्यार अडकता काय ता बघूक होया," तो मान न वळवता म्हणाला. "उद्या येवा. फॉलोऑन दिलंय."

मी म्हटलं आम्हाला उद्याची गाडी आहे हो, पोरांची. आतेभावाने मात्र टीव्हीकडे बघितलं, ऑफ साईडला बघितलं आणि गप्पकन म्हणाला, फिल्डर चुकीचा लावलाय. रिपेरीवाल्याने पहिल्यांदा मान वळवली. भाचा तोपर्यंत स्टूल ओढून बसला होता आणि दुसरा कंट्रोलर कुठल्या ड्रॉवरमध्ये असतो ते दुकानातल्या पोऱ्याला विचारत होता.