कड्यावरून परत फिरू नका

गेल्या ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन ॲरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनच्या दरीला जाऊन आलो. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे, कारण इथे अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांत आता पुन्हा उन्हाळ्यातल्या पाहुण्यांचे बेत ठरायला लागलेत आणि कानावर तेच वेळापत्रक येतंय. लास वेगसला दोन रात्री आणि मधल्या एका दिवसात कॅन्यन उरकून यायचं.

बारा वर्षांपूर्वी मी आणि नवऱ्याने हेच केलं होतं. जायला साडेचार तास, यायला साडेचार तास आणि माथर पॉइंटच्या कठड्याशी जेमतेम पाऊण तास. फोटो छान आले. पण पुढे कुणी विचारलं की मला ते फोटोच आठवायचे, जागा आठवायची नाही. आई-बाबांच्या बाबतीत असं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. म्हणून या वेळी फिनिक्सहून गाडीने निघालो आणि साउथ रिमला, म्हणजे दरीच्या दक्षिण कड्यावर, दोन रात्री राहिलो. बाबा एकाहत्तर वर्षांचे, आई सदुसष्ट, लेक नऊ.

पहिल्या संध्याकाळी कठड्यापाशी गेलो तेव्हा कुणीच काही बोललं नाही. ही दरी ४४६ किलोमीटर लांब आहे आणि सर्वांत खोल ठिकाणी १,८०० मीटरहून जास्त खोल. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर, म्हणजे ते आख्खं आत उभं केलं तरी शिखर वर डोकावणार नाही. बाबा म्हणाले, "हे डोळ्यात मावत नाही गं." मला वाटतं, कड्यावरून बघण्याची अडचण हीच आहे. इतकं मोठं असतं की मन ते चित्रासारखं बघतं आणि थोड्या वेळाने कंटाळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही ब्राइट एंजल वाटेने खाली उतरायला लागलो. आईला कानटोपी लागेल एवढी थंडी होती, कारण तो कडाच २,००० मीटरच्या वर आहे. पिशवीत धपाटे, दाण्याचे लाडू, खारे दाणे आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. (खारं खाणं मुद्दाम घेतलं होतं. नुसतंच पाणी पीत राहिलं तर अंगातलं मीठ कमी होऊन माणूस आडवा होऊ शकतो, आणि ही सूचना तिथले रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, स्वतः देतात.) तळाच्या कोलोरॅडो नदीपर्यंत जायचा विचारही नव्हता. वाटेवरच्या दुसऱ्या बोगद्यापर्यंत जायचं आणि फिरायचं. मैलाहून थोडं कमी, म्हणजे साधारण सव्वा-दीड किलोमीटर.

तेवढ्यात काय दिसतं, ते सांगते. वरचा पांढुरका खडक कैबाब चुनखडीचा, २७ कोटी वर्षांपूर्वीचा. तो समुद्राचा तळ होता, त्यात शिंपल्यांचे आणि स्पंजांचे ठसे आहेत. लेकीने त्यावर हात ठेवला आणि विचारलं, "एवढ्या उंचावर समुद्र?" थोडं खाली गेलं की कोकोनिनो वालुकाश्म लागतो आणि त्यात तिरप्या रेघा दिसतात. त्या वाळवंटातल्या टेकड्यांच्या, वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या. वरून जे नुसते रंगांचे पट्टे वाटले होते, त्यांतून आम्ही तासाभरात समुद्रातून वाळवंटात चालत आलो. आई चाळीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. ती दर वळणावर थांबून खडकाला हात लावत होती आणि तिला घाई करायला माझी जीभ रेटेना.

वाटेत खेचरांचा तांडा आला. अशा वेळी दरीच्या नाही, डोंगराच्या बाजूला उभं राहायचं आणि त्यांच्या माणसाचं ऐकायचं. खारी अंगाशी येतात. आईने सवयीने धपाट्याचा तुकडा पुढे केला, तो लेकीनेच अडवला. तिथे प्राण्यांना खाऊ घालायला बंदी आहे आणि खारी कडकडून चावतात.

परतताना बाबांनी जे सांगितलं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. बाबा वाईचे. तरुणपणी पांडवगड, वैराटगड, कमळगड कितीदा केलेले. एका वळणावर दम घेत ते म्हणाले, "गडावर आधी चढ असतो, दमलास की शरीरच सांगतं, माघारी फिर. इथे उलटं आहे. ताजेतवाने असतो तेव्हा उतार, आणि दमल्यावर चढ." आपल्याकडे ट्रेक करणाऱ्या माणसांनाही इथे याचाच फटका बसतो. उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरायचा. आम्हाला उतरायला पाऊण तास लागला होता, चढायला पावणेदोन. लेकीला आणखी खाली जायचं होतं, ती रुसली, पण मी ऐकलं नाही. उन्हाळ्यात तर तळाशी पारा चाळीशीच्या वर जातो, तेव्हा सकाळी दहाच्या आत वर पोचता येईल एवढंच उतरावं.

दुपारी कड्यावरच्या 'ट्रेल ऑफ टाइम'वर गेलो. सपाट वाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांनाही जमते. तिथे एक मीटर पुढे म्हणजे काळात दहा लाख वर्षं मागे. सुरुवातीपासून पाच-सहा पावलं टाकली की कोलोरॅडो नदीने ही दरी कोरायला घेतली तो काळ. ६६ मीटरवर मी सगळ्यांना थांबवलं. आपल्या दख्खनचा लाव्हा तेव्हा वाहत होता, सह्याद्रीचा काळा पाषाण त्याचाच. बाबांनी मागे वळून अंतर बघितलं, मग पुढे बघितलं. पायाखालचा खडक २७० मीटरवर, आणि तळातला, नदीकाठचा, १,७०० मीटरच्याही पुढे. "म्हणजे आपला सह्याद्री अजून पोर आहे," आई म्हणाली.

त्या तळच्या खडकाचं नाव विष्णू शिस्ट (शिस्ट हा खडकाचा एक प्रकार). समोर विष्णू टेंपल नावाचा सुळका आहे, शिवाचाही आहे. आईने हात जोडले. सुळक्यांची ही नावं एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या अमेरिकी भूवैज्ञानिकाने ठेवली. मलाही आपल्या देवांची नावं ऐकून बरं वाटलं, पण मी आईला दुसरंही सांगितलं. आम्ही उतरलो ती वाट मुळात हवासुपाई या तिथल्या मूळ रहिवाशांची, पाण्याकडे जायची. खाली झऱ्याकाठी त्यांची शेती होती. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९२८ मध्ये त्यांच्यातल्या शेवटच्या रहिवाशालाही तिथून हुसकावलं. त्या जागेला त्यांचं नाव, हवासुपाई गार्डन्स, मिळायला २०२२ उजाडलं. आई बराच वेळ खाली त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिली. "धरणात गेलेल्या गावांसारखं," एवढंच म्हणाली. धोम धरणात तिच्या माहेरची जमीन गेली आहे.

वाई ते ॲरिझोना एवढा प्रवास करून आलेल्या माणसांना आपण पाऊण तास देतो, हे मला खरंच चुकीचं वाटतं. "त्यांना झेपणार नाही" असं आपणच परस्पर ठरवतो. त्यांना विचारा. पाचशे पावलं झेपली तर पाचशे उतरा, पण आत पाय टाकू द्या, खडकाला हात लावू द्या. उद्यानातल्या खोल्या वर्षभर आधीपासून भरायला लागतात. त्यामुळे आई-बाबांचं यायचं नक्की झालं की वेगसचं हॉटेल बघायच्या आधी तिथली खोली बघा.

बाबा परवा फोनवर विचारत होते, पुढच्या वेळी दीड मैलावरच्या विसाव्यापर्यंत जमेल का. रोज सकाळी मेणवलीच्या रस्त्याने चालायला सुरुवात केली आहे म्हणाले.