आठ काढायला कशाला शिकता?

गिअरच्या गाडीचं पक्कं लायसन्स काढताय? मग आधी एक करा, गाडी शिकू नका. मी शिकले, तिथंच फसले.

माझी बदली झाली आडगावच्या शाळेत. एसटीची वेळ घंटेशी जुळेना आणि ह्यांची स्प्लेंडर दारात धूळ खात उभी. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी महिनाभर पहाटे मैदानावर जाऊन हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, ट्रायलला काढायचे ते इंग्रजी 8 च्या आकाराचे आठ गिरवले. दोनदा आपटले, गुडघ्यावरची खपली अजून निघायची आहे. तुम्ही असला अगोचरपणा करू नका.

कच्च्या लायसन्सची परीक्षा 2021 पासून आधारच्या ओटीपीवर घरबसल्या देता येते. तुम्ही चहा घ्या, उत्तरं वहिनी देतील.

चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरच्या सहीचा फॉर्म 1ए, म्हणजे तब्येतीचा दाखला, लागतो. डॉक्टरनं तुम्हाला बघावंच, असा हट्ट नको.

आरटीओत ट्रायलचा दहाचा स्लॉट असेल तर दहाला जाऊ नका.

आणि एजंट धरा. मला फाटकातच एकानं गाठलं होतं. "ताई, कशाला उन्हात उभ्या राहताय, द्या फाईल." म्हटलं, मी स्वतः अर्ज केलाय. त्यानं जरा कणवेनं बघितलं आणि बाजूला झाला. आरसी, विमा, पीयूसी, कच्चं लायसन्स, गाडीला पुढं-मागं पांढऱ्यावर लाल एल, असा सगळा सरंजाम घेऊन मी साडेनऊपासून रांगेत. सर्व्हर डाऊन. साडेअकराला ट्रायल घेणारे साहेब आले आणि लिंबाखाली खुर्ची टाकून मोबाइल बघत बसले. एजंटांचा गठ्ठा एकीकडे, आम्ही शहाणे दुसरीकडे. गठ्ठ्यातली पोरं एकाच गाडीवर, एकच हेल्मेट एकमेकांच्या डोक्यावर चढवत, वीस पावलं सरळ जायची नि परत यायची. पास! आठाकडे कुणी फिरकलंच नाही. फिरकणार तरी कसं, खालच्या गोलात कुत्रं झोपलं होतं. एक जण तर गाडीवर बसलासुद्धा नाही. सही ठोकली, केसांवरून हात फिरवला, पास!

माझी पाळी आली तेव्हा कुत्र्याला उठवण्यात आलं.

मागून आवाज आला, "काकू, स्कूटीवर द्या की ट्रायल, सोपी जाते." अरे बाळा, बिनगिअरच्या गाडीवर दिली तर लायसन्सही बिनगिअरचंच मिळतं. वरचा गोल झकास निघाला. खालच्या वळणावर वाळू होती. पुढचं चाक जरासं सरकलं आणि डावा पाय टेकला. टेकला कसला, चपलेचा अंगठा लागला. तेवढ्यात साहेबांनी सकाळपासून पहिल्यांदा मोबाइलमधून मान वर काढली. "पाय टेकला, मॅडम. फेल."

बरोबर आहे. पाय टेकला की फेल, मला मान्य आहे. आता 7 दिवस थांबायचं, पुन्हा 300 रुपये भरायचे. तीनदा नापास झालं तर 60 दिवस घरी बसायचं. पण मग तो नियम त्या गठ्ठ्याला का नाही हो? त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत का?

गाडी ढकलत फाटकाबाहेर आले, तर तो सहीवर पास झालेला समोरून राँग साइडनं, ट्रिपल सीट. हेल्मेट कुणाच्याच डोक्यावर नाही. मला बघून वर विचारतो, "झालं का काकू?"

नाही झालं. आणि तुझं झालं म्हणून माझ्या पोटात गोळा आलाय. संध्याकाळी पाचला माझी पाचवीची पोरं शाळेसमोरचा रस्ता ओलांडतात, पाठीवर त्यांच्याएवढी दप्तरं. विनालायसन्स गाडी चालवली तर 5,000 रुपये दंड आहे. तुला चालवता येत नाही आणि खिशात लायसन्स आहे, तुला कोण अडवणार? तुझ्या बापाला एजंटाला मोजायला पैसे आहेत, तुझ्या मागं मैदानावर उभं राहायला एक सकाळ नाही? आणि साहेब, तुमच्या घरची पोरं विमानानं जातात का शाळेत? सही करताना एकदा मान वर करायला काय झालं होतं?

रविवारी सहाला मैदानावर ये रे. शिकवते मी तुला आठ काढायला, फुकट. येताना हेल्मेट आण, स्वतःचं.