सगळे गवळीच निघाले!

दोन भावांनी इंग्लंडात उभ्या केलेल्या पेट्रोलपंपांच्या साखळीची बातमी मिल्यानंच शनिवारी रात्री ग्रुपवर टाकली होती, त्यामुळे रविवारी सकाळी साताऱ्यातल्या राजवाड्याच्या कट्ट्यावर तो तयारीनं आला. मिल्या बँकेत आहे. त्याचं पद दर सहा महिन्यांनी बदलतं, पण त्यातला 'स्ट्रॅटेजी' हा शब्द बदलत नाही.

"भरूचची माणसं रे!" बसायच्या आधीच सुरू. "आईबाप भरूचहून इंग्लंडला गेले. मोहसीन आणि झुबेर इसा, दोघं भाऊ. २००१ ला तिथल्या 'बरी' नावाच्या गावात एक पंप घेतला, दीड लाख पौंडाला. २०२१ ला अ‍ॅस्डा घेतलं, ६.८ अब्जांना! वीस वर्षांत खिशात सुपरमार्केट. याला म्हणतात स्केल."

"खिशात नव्हे, उधारीत," सुन्या म्हणाला.

सुन्या हायवेच्या पंपावर मॅनेजर. सकाळी टाकीत डिप, म्हणजे साठा मोजायची दांडी, टाकून येतो, त्यामुळे त्याच्या हाताला वास असतो आणि बोलण्यात हिशेब.

"लिव्हरेज म्हणतात त्याला, उधारी नाही," मिल्या. "२०१८ मध्ये अमेरिकेत क्रोगर या सुपरमार्केटवाल्यांची ७६२ दुकानं घेतली, २.१५ अब्ज डॉलरला. पुढच्या वर्षी कम्बरलँड फार्म्स ही तिथलीच पंपवाल्या दुकानांची साखळी. मधल्या मध्ये ऑस्ट्रेलियातले वूलवर्थ्सचे पंप. एक विकत घ्यायचा, त्याच्या जोरावर दुसरा घ्यायचा."

"आणि २०२३ ला?"

"२०२३ ला त्यांनी पोर्टफोलिओ ऑप्टिमाइझ केला."

"म्हणजे विकला," अण्णा म्हणाले. अण्णा तेल कंपनीच्या विक्री विभागातून निवृत्त झालेत. त्यांना असल्या शब्दांचं मराठी लगेच येतं, कारण आयुष्यभर त्यांनीही तसलीच पत्रं लिहिली.

सुन्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "नुसता विकला असता तरी चाललं असतं. यांनी काय केलं, तर अमेरिकेतल्या ४१५ पंपांच्या जागा रिअल्टी इन्कम नावाच्या जमीनमालक कंपनीला दिल्या, दीड अब्ज डॉलरला, आणि तिथंच भाड्यानं बसले. बहुतेक जागा कम्बरलँड फार्म्सच्याच. भाडं वर्षाला त्या किमतीच्या ६.९ टक्के. कर की हिशेब, तू बँकेत आहेस ना."

मिल्यानं मोबाइल काढला. सुन्यानं तोवर तोंडी सांगून टाकलं: वर्षाला दहा कोटी डॉलरच्या वर. एका पंपामागं वर्षाला अडीच लाख, महिन्याला वीस हजारांवर. कार्डाचं कमिशन, पगार, वीज जाऊन गॅलनला १५ सेंट हातात राहतात असं धरलं, तर रोज साडेचार हजार गॅलन नुसते जागामालकासाठी विकायचे. "लिटरमध्ये सतरा हजार. म्हणजे रोज सकाळी जवळपास एक अख्खा टँकर फक्त भाड्याचा. त्यानंतर जो ग्राहक येईल तो आपला."

"पण कर्ज फेडायला रोकड मिळाली ना एकरकमी," मिल्या.

"मिळाली की. आंब्याचं झाड विकून पेटीभर हापूस घेतल्यासारखी."

इथं शिरीष हसला आणि चहा शर्टावर सांडला. शिरीष मिनियापोलिसला असतो, तीन आठवड्यांसाठी आलाय. आला की पहिले चार दिवस इथल्या ट्रॅफिकवर बोलतो आणि नंतर तिथल्या पंपावर. त्याच्या मते जगातला सर्वोत्तम पंप म्हणजे क्विक ट्रिप, आणि हे त्यानं आजवर इतक्यांदा सांगितलंय की बंड्यानं त्याचा नंबरच मुळी 'शिऱ्या केळी' नावानं सेव्ह केलाय. केळ्यांचं पुढं येईल.

"कम्बरलँड फार्म्स म्हणजे शेत कुठलं?" बंड्यानं विचारलं. बंड्या कुठल्याही चर्चेत एकच प्रश्न विचारतो, पण तो नेमका दुखऱ्या जागी लागतो.

शेत खरंच होतं. र्‍होड आयलंडमधल्या कम्बरलँड गावात हासिओटिस नावाच्या ग्रीक जोडप्याचा गोठा. दूध विकता विकता १९६२ मध्ये मुलांनी मॅसॅच्युसेट्समध्ये पहिलं दुकान टाकलं, पुढं दारात पंप आले. ऐंशीच्या दशकात त्यांनी गल्फ या तेल कंपनीचे पंप घेतले आणि १९९२ ला ते दिवाळखोरीत गेले होते, तिथून सावरले. "एकदा हात भाजलेल्या घरानं पुन्हा उभं केलेलं होतं ते," शिरीष म्हणाला. "म्हणून जागांचं वाईट वाटतं."

मग त्यानं अशाच पंपवाल्या दुकानांच्या साखळ्यांची दुसरी नावं काढली. पेनसिल्व्हेनियातलं शीट्झ: अल्टूना गावात बापाची पाच डेअरी दुकानं होती, त्यातलं एक मुलानं, बॉब शीट्झनं, १९५२ मध्ये घेतलं. पेट्रोल आलं १९७३ ला, म्हणजे नेमक्या अरबांनी तेलाचा नळ बंद केला त्या साली. वावा: वूड घराण्याची डेअरी, पहिलं दुकान १९६४. न्यूयॉर्क राज्यातलं स्ट्यूअर्ट्स: डेक घराणं, धंदा दूध आणि आइस्क्रीमचा.

"थांब थांब," बंड्या म्हणाला. "म्हणजे सगळे गवळीच?"

"सगळे नाहीत. पण बरेच."

"का?"

याचं उत्तर अण्णांनी दिलं, आणि ते मान्य करायला हवं की चांगलं दिलं. तिकडं पूर्वी बाटलीतलं दूध रोज सकाळी दारात यायचं. घरोघरी फ्रिज आले, सुपरमार्केट आली, आठवड्याचं दूध एकदम येऊ लागलं. रतीब मेला. पण डेअरीवाल्याकडं रतीबाचं सगळं सामान तसंच पडलेलं: थंड गाड्या, रोजची फेरी, पहाटे उठणारी माणसं. आणि नासणाऱ्या मालाची धास्ती, ती तर रक्तातच. मग त्यानं स्वतःचं कोपऱ्यावरचं दुकान काढलं. पेट्रोल नंतर आलं. "तेलवाल्यानं दुकान काढलं तर त्याला सगळं टिकणारं वाटतं. टाकीतलं पेट्रोल काय उद्या नासत नाही. दूधवाल्याला रोज संध्याकाळी उरलेला कॅन दिसतो."

"हे तुम्ही नोकरीत असताना का नाही म्हणालात?" सुन्या.

"तू तेव्हा माझ्या कॅनोपीच्या दिव्यांवरून भांडत होतास."

हे भांडण जुनं आहे आणि दर महिन्याला एकदा निघतं. पंपाच्या छतावरचे दोन दिवे कुणी बदलायचे, कंपनीनं की डीलरनं, यावर दोघांनी त्या वेळी अकरा पत्रं लिहिली होती. दिवे शेवटी वादळात पडले. आम्ही पाच मिनिटं ते ऐकून घेतलं.

मग शिरीषची केळी आली. क्विक ट्रिप हा मूळचा डेअरीवाला नाही. १९६५ मध्ये विस्कॉन्सिनच्या ओ क्लेअरला पहिलं दुकान. पण त्यांनी उलटा प्रवास केला. आधी दुकानं, मग ला क्रॉसला स्वतःची डेअरी, स्वतःची बेकरी, स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःचे ट्रक. दुकानं आठशेच्या वर, पण ला क्रॉसहून ट्रक वेळेत पोचेल एवढ्याच टापूत. आयोवात क्विकट्रिप नावाची तुळशाची दुसरी कंपनी आधीच होती, म्हणून तिथं पाटी 'क्विक स्टार'.

"तुळशाची?" बंड्या.

"टल्सा रे, ओक्लाहोमातलं."

"आणि दूध पिशवीतून विकतात!" शिरीष कौतुकानं म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघत राहिले. "लेका, पंधरा वर्षं अमेरिकेत राहून तू दुधाच्या पिशवीचं कौतुक सांगायला साताऱ्याला आलास?" सुन्या म्हणाला.

शिरीषनं धीर सोडला नाही. केळी ते गेली कित्येक वर्षं पाउंडाला ४० सेंटच्या आत-बाहेर विकतात, त्यात मिळत काही नाही. पण केळ्यासाठी आत आलेला माणूस कॉफी घेतो. आणि आत येणं हाच तिथला खरा प्रश्न. नव्वदच्या दशकात नळावरच कार्ड घासायची सोय सगळीकडं पसरली. गाडी भरली, माणूस गेला. पेट्रोलच्या विक्रीचा आकडा मोठा, पण त्यातून दुकान चालत नाही. कार्ड कंपनी टक्क्यात घेते, तुम्हाला मिळतात सेंटात. चार डॉलरच्या गॅलनवर अडीच टक्के म्हणजे १० सेंट गेले. भाव चढला की कार्डवाल्याचं वाढतं, तुमचं तेवढंच.

"मग वडापाव ठेवायचा," बंड्या.

"तेच ठेवतात. पण ठेवणं सोपं नाही." इथून पुढं सुन्या आणि शिरीष दोघंही एकदम बोलायला लागले. गरम पदार्थ ५७ अंशांच्या वर ठेवायचा. नाही जमलं तर वेळ लिहून ठेवायची आणि चार तासांनी टाकून द्यायचा. फिरत्या सळ्यांवर चारच सॉसेज दिसले की गिऱ्हाईकाला वाटतं शिळी आहेत, कोणी घेत नाही. वीस ठेवली तर रात्री बारा फेकायची. त्यामुळे चांगलं दुकान 'काय विकलं' याइतकंच 'काय फेकलं' हेही तासातासाला लिहितं. दुधाचं कपाट मुद्दाम दुकानाच्या शेवटच्या भिंतीला, म्हणजे जाताना चिप्स दिसतात. ते कपाट पाठीमागच्या थंड खोलीतून भरतात: नवा माल मागून ढकलला की जुना आपोआप पुढं येतो. पुढून भरणाऱ्या दुकानात पोरगा घाईत ताजं दूध पुढं लावतो आणि मागचं तारीख उलटून मरतं.

"विकत घेतलेल्या ७६२ दुकानांत हे एका रात्रीत कसं बसवणार?" सुन्यानं मिल्याला विचारलं. "त्यांची कपाटं वेगळी, ट्रक वेगळे, बेकरी परक्याची. पाटी बदलायला एक दिवस लागतो. सॉसेज कधी फेकायचं हे पोराच्या हाताला कळायला वर्ष जातं."

"सिनर्जी येते हळूहळू."

"व्याज येतं, ते दर महिन्याला."

मिल्यानं मग मुद्दा फिरवला. म्हणे, लहान पंप मेले आणि मोठे वाढले, याचा अर्थ मोठ्यांचं डोकं जास्त. अण्णा एकदम ताठ बसले. "डोकं नाही, टाक्या!" अमेरिकेत १९८८ ला नियम आला: जमिनीखालच्या जुन्या उघड्या पोलादी टाक्या गंजतात, पेट्रोल विहिरीच्या पाण्यात उतरतं. गंजरोधक संरक्षण, सांडलेलं धरणारा डबा आणि टाकी ओसंडू न देणारी झडप बसवा, किंवा टाकी बदला, किंवा बंद करा. मुदत २२ डिसेंबर १९९८. एका पंपाचा धनी म्हातारा, मुलगा शहरात, टाक्या उकरायचा खर्च पंपाच्या किमतीएवढा. त्यानं कुलूप लावलं. त्या कोपऱ्यावर पुढं साखळी आली.

"आणि इथेनॉल!" अण्णांना आता थांबवणं अवघड होतं. टाकीत पाणी शिरलं तर साधं पेट्रोल वर तरंगतं, तळाचं पाणी उपसून टाकता येतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आधी ते पाणी पिऊन घेतं. प्यायची हद्द संपली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाला बसतं, आणि टाकीतून ओढणाऱ्या नळीचं तोंड तळाजवळच. दहा गाड्या रस्त्यात बंद. डिपला लावायची पाणी ओळखणारी जुनी पेस्ट या मिश्रणात नीट रंग बदलत नाही, वेगळी लागते. "सकाळी डेन्सिटी, म्हणजे घनता, बघायची, ती १५ अंश तापमानाच्या हिशेबात आणायची, टँकरबरोबर आलेल्या चलनावरच्या आकड्याशी तीनपेक्षा जास्त फरक असेल तर विक्री बंद. हे कळणारा माणूस पंपावर राहतो. बँकेत नाही."

मिल्या थोडा दुखावला. "मग आपल्याकडं का नाही झालं एखादं शीट्झ? गवळी काय कमी आहेत?"

हा खरा प्रश्न होता, म्हणून सगळे गप्प झाले. चितळ्यांचं नाव निघालं: भिलवडीचं दूध, पुण्याची बाकरवडी, एकाच घराचं. पण पंप नाही. सुन्यानं बोटांवर कारणं मोजली. इथं भाव कंपनी ठरवते. डीलरला पेट्रोलवर लिटरला चार रुपयांच्या आसपास, डिझेलवर तीनच्या. ऑगस्ट २०१७ नंतर थेट ऑक्टोबर २०२४ ला वाढलं. सरकारी कंपन्यांचा नियम असा की एका कुटुंबाला एकच पंप. मग साखळी करायची कशाची? आणि २०२१ च्या दिवाळीत डिझेलवरचं उत्पादन शुल्क एका रात्रीत १० रुपयांनी उतरलं, तेव्हा ज्याच्या टाकीत वीस हजार लिटर होतं त्याचे दोन लाख तिथंच जिरले.

"आम्ही दुकानं काढली होती की पंपावर," अण्णा पुटपुटले. "काचेची. एसी."

"अण्णा, त्यात जायचं कोणी? तिकडं माणूस स्वतः उतरून नळ धरतो. दारापासून वीस पावलांवर उभा असतो. इथं शंभर रुपयांचं पेट्रोल मागणारा स्कूटरवरून उतरतसुद्धा नाही, झाकण उघडतो आणि मान मागं करतो."

"न्यू जर्सीत अजून स्वतः भरायला बंदी आहे," शिरीष. "१९४९ पासून."

"मग ते आमचंच गाव."

शिरीषनं शेवटचा हुकमी पत्ता टाकला. क्विक ट्रिपमधली भागीदार घराण्याची हिस्सेदारी झिट्लो या दुसऱ्या मालक घराण्यानं २००० साली विकत घेतली. करपूर्व नफ्यातले ४० टक्के कामगारांना वाटतात. डॉन झिट्लो २०२२ अखेर बाजूला झाले आणि गादीवर आला मुलगा स्कॉट, जो मेयो क्लिनिकमध्ये ट्रॉमा सर्जन होता.

"सर्जन? पंपावर?" बंड्या.

"अण्णा, तुमचा डॉक्टर मुलगा येईल का पंपावर?"

"तो माझा फोन उचलत नाही."

यावर जे हसणं सुरू झालं त्यात मिल्याचा 'सक्सेशन प्लॅनिंग' हा शब्द वाहून गेला. त्यानं दोनदा पुन्हा म्हणून पाहिला.

"पांडबा, पाच कटिंग!" सुन्यानं हाक मारली.

"दूध संपलं," पांडबा म्हणाला. "गवळी आला नाय अजून."

मग काळा घेतला. पैसे सुन्यानं दिले. मिल्याचं नेट चालत नव्हतं.