कंपास घ्या आणि वर्तुळ काढा

कोल्हापुरात रेल्वे १८९१ साली आली आणि पुढच्या चारच वर्षांत राजर्षी शाहू महाराजांनी रुळांच्या शेजारी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. खाली दुकान, वर किंवा मागे घर, दारात गल्ली आणि गुळाचे रवे भरलेली गाडी निघायच्या आत फलाट गाठता येईल एवढे अंतर, हे सारे एकाही सल्लागाराची नेमणूक न करता उरकले गेले. अशा बेशिस्तीची पुनरावृत्ती होऊ नये, असे ज्यांना मनापासून वाटते आणि ज्यांच्या हाती आज ना उद्या स्थानक परिसराचा विकास आराखडा येणार आहे, त्यांच्यासाठी अनुभवाच्या चार गोष्टी येथे नम्रपणे मांडत आहे.

आरंभी नकाशा पसरावा आणि मुलांच्या दप्तरातला कंपास मागून घ्यावा. स्थानककेंद्री विकासाच्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने स्थानकाभोवतीचा ५०० ते ८०० मीटरचा, म्हणजे माणूस पाच-दहा मिनिटांत पायी ओलांडील असा परिसर दाट आणि मिश्र, म्हणजे घरे, दुकाने आणि कार्यालये एकत्र असलेल्या, वस्तीसाठी योग्य मानला आहे. आपण कंपासचे लोखंडी टोक कोल्हापूरच्या स्थानकावर, म्हणजे छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर टेकवावे आणि पेन्सिल गोल फिरवावी. वर्तुळात अलीकडची शाहूपुरी येईल, पलीकडच्या राजारामपुरीच्या गल्ल्या येतील. मधले रूळ ही कागदावर नुसती एक रेघ असते. ती माणसाला ओलांडावी लागते हे कंपासला कळत नाही आणि आपणही ते त्याच्या कानावर घालू नये. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर वाळणारे कपडे मोजता येतात, पण तिथे पोहोचण्यासाठी परीख पुलाखालून वळसा घ्यावा लागतो, आणि जोराचा पाऊस झाला की त्या पुलाखाली पाणी तुंबते, अशी तक्रार एखादे आजोबा घेऊन येतील. त्यांना बसायला खुर्ची द्यावी, चहा पाजावा आणि अंतर हवाई मार्गाने मोजले असल्याचे समजावून सांगावे.

पदपथाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण छायाचित्रात तोच दिसतो. भारतीय रस्ते परिषदेच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी मागितली आणि कडेची उंची १५० मिलिमीटरच्या वर जाऊ दिली नाही. यातला ‘मोकळी’ हा शब्द अडचणीचा आहे. तो सोडून द्यावा आणि भिंतीपासून गटारापर्यंत फीत धरावी, म्हणजे विजेची डीपी, झाडाचा कट्टा, शुभेच्छांच्या फलकाचे दोन बांबू आणि तिरक्या लावलेल्या सहा दुचाकी यांच्यासह रुंदी बरोबर भरते. सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून उतरलेल्या एखाद्या बाईंच्या मागे शंभर पावले चालून पाहावे. मी चाललो आहे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर, गुडघ्याइतक्या उंच कडेवर पाऊल ठेवले की सैल ब्लॉक डुगडुगतो आणि रात्रीच्या पावसाचे पाणी पोटरीवर उडते. डीपीपाशी पदपथ संपतो, बाई रस्त्यावर उतरतात आणि तिथे रिक्षा उभीच असते. “चालत कुटं निघालासा वैनी, बसा की!” आपल्या आराखड्याने सार्वजनिक वाहतुकीला असा प्रवासी मिळवून दिला, याची नोंद अहवालात अवश्य करावी.

मिश्र वापराच्या बाबतीत मात्र गल्लीतल्या अडाणी पद्धतीपासून सावध राहावे. तिथे पिठाची गिरणी, शिंपी, चपलांचे दुकान आणि दवाखाना एका रांगेत असतात, वरच्या सज्जातून आजी येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करते आणि त्यामुळे रात्री दहा वाजताही बाईमाणूस निर्धास्त चालते. आपण एकच मोठा भूखंड घ्यावा, भोवती आठ फुटी सीमाभिंत घालावी आणि आत मॉल, त्यावर कार्यालये, त्यावर सदनिका असे थर रचून त्याला मिश्र वापर म्हणावे. स्थानकाजवळ जादा चटई क्षेत्र, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी, मिळावे असा आग्रह धरावा. बस आणि रेल्वे वापरणारी माणसे जवळ राहावीत म्हणून ते द्यायचे असते, हा तपशील विक्रीच्या माहितीपत्रकात छापू नये. त्या सदनिकांत रोज बसने येणारी परिचारिका किंवा चपलांचा कारागीर राहायला आला, तर दर चुकले असे समजावे.

वाहनतळ भरपूर ठेवावा. एका मोटारीला अडीच मीटर गुणिले पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते, वळायची वाट वेगळी. तेवढ्या जागेत एक चहाचे दुकान आणि एक गिरणी सुखाने नांदते, पण ती दोन्ही सकाळी चालत येणारी गिऱ्हाइके जमवतात आणि चालणाऱ्यांचा वावर वाढला की मोटारी आत-बाहेर काढणे त्रासाचे होते. एवढे तळ बांधून देऊनही लोक मोटारीनेच येतात, असे वर्षभराने आढळल्यास आश्चर्य व्यक्त करावे आणि आणखी एक मजला वाहनतळासाठी वाढवून घ्यावा.

ब्राझीलमधल्या कुरितिबा शहराने १९७४ पासून बससाठी स्वतंत्र मार्गिका आखल्या आणि उंच इमारतींना त्याच मार्गांच्या कडेने जागा दिली, हे आपल्या सादरीकरणात असू द्यावे. चित्र मोठे लावावे. शाहूपुरीचे लावू नये. ती बघायला विमानाचे तिकीट लागत नाही, त्यामुळे समितीत तिचे वजन पडत नाही.

राहता राहिला उद्घाटनाचा समारंभ. त्याची निमंत्रणपत्रिका जाड कागदाची असावी, वर ‘पादचारीस्नेही स्थानक परिसर’ असे ठळक अक्षरांत छापावे आणि तळाशी, पाहुण्यांची गैरसोय होऊ नये म्हणून, एक ओळ न विसरता घालावी : मांडव पदपथावर घातला असून चारचाकी वाहनांची सोय मांडवाच्या मागे केली आहे.