दांडी न मिळालेल्याचं गतिशास्त्र

बसमध्ये बसलेल्यांना भौतिकशास्त्र कळत नाही. ते खिडकीबाहेर बघतात किंवा डुलक्या काढतात. हा विषय शिकायचा तर उभं राहावं लागतं, तेही दांडी हाताला लागणार नाही अशा मोक्याच्या जागी.

न्यूटनने १६८७ साली छापलेला गतीचा पहिला नियम मला शाळेत तोंडपाठ होता, पटला मात्र कधीच नव्हता. म्हणे बाहेरून बल लागलं नाही तर चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते. कुठली राहायला? मग एकदा ड्रायव्हरने कचकन ब्रेक दाबला आणि शंका फिटली. बस थांबली. घर्षणामुळे माझे बूटही थांबले. बुटांच्या वरचा मी मात्र न्यूटनच्या बाजूने होतो.

आता हिशेब. माझं वस्तुमान ८० किलो धरा (खोलात शिरू नका). बसचा वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे संवेग, तो भरला ८००. बस दोन सेकंदांत थांबली तर हा सगळा संवेग तेवढ्यातच कुणीतरी काढून घ्यायला हवा. त्यासाठी लागतं ४०० न्यूटन बल, साधारण ४० किलोच्या ओझ्याइतकं. दांडी असती तर तिने घेतलं असतं. नव्हती, म्हणून पुढच्या गृहस्थांच्या पाठीने घेतलं. ड्रायव्हरने चार सेकंद घेतले असते तर बल निम्म्यावर आलं असतं, पण हे त्याला सांगणार कोण?

नुसत्या वेगाचा त्रास नसतोच. बस एका लयीत सरळ चालली असेल तर नाणं वर उडवा, हातातच पडतं. त्रास होतो वेग बदलताना, आणि वळणावर चाल तीच राहिली तरी दिशा बदलते, म्हणजे वेग बदललाच.

ऊर्जेचं प्रकरण त्याहून वाईट. वेग दुप्पट झाला की संवेग दुप्पट होतो, गतिज ऊर्जा चौपट. अठराव्या शतकात ग्राव्हेसांडे नावाच्या डच प्राध्यापकाने पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. दुप्पट वेगाने पडलेला गोळा चौपट खोल रुतला. हाच प्रयोग सध्या माझ्या डाव्या अंगठ्यावर चालू आहे.

खरी मजा बस पूर्ण थांबते त्या क्षणी. ब्रेक लागलेला असताना आपण पुढे जाऊ नये म्हणून अंग मागे रेलून धरलेलं असतं. बस थांबते, मागे रेलणं थांबत नाही. पुढच्या गृहस्थांची माफी मागता मागता मी मागच्या काकूंच्या पिशवीवर जाऊन आदळतो. अख्ख्या प्रवासात मला बसायला मिळतं ते एवढंच.